ॲडमिशन घेताना हेही विचारा

आई-बाबांनो,

कॅप राउंड सुरू झाले की तुम्ही आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात येता. प्लेसमेंट किती होतं, होस्टेलची मेस कशी आहे, लॅबमधली यंत्रं चालू आहेत का, सगळं खोदून खोदून विचारता. विचारायलाच हवं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि एका वर्गाची जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षिकाही आहे. पोराची हजेरी घसरली की तुम्हाला फोन करते ती मीच. पण आमचं मूल समलिंगी असेल, ट्रान्स असेल, तर ते इथे सुखानं शिकेल का, असं मला आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही.

आमच्या घरात तसं कोणी नाही, असं तुम्हाला वाटत असेल. नसेलही. पण असलं तर ते तुम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी एखाद्या मित्राला, मग क्वचित एखाद्या शिक्षकाला. घरी सांगताना गमावण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, म्हणून घर शेवटी.

पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. फिटिंगचा जॉब, व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा, हातात कानस. एखाद्या मुलाचा हात जरा नाजूक चालतो. कोणीतरी ‘बायल्या’ म्हणतं, सगळी बॅच हसते आणि शिकवणाराही हसतो. पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा वर्कशॉपला येत नाही. मग टर्मवर्क अडकतं, डिफॉल्टर लिस्टवर नाव लागतं आणि मी तुम्हाला फोन करते. तुम्ही त्याला फैलावर घेता. तो मान खाली घालून ऐकून घेतो, कारण खरं कारण सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल. वर्ष वाया जातं ते असं. त्या पोराला गणित जमत नव्हतं असं नाही हो.

ट्रान्स मुलीचं आणखी वेगळं. ओरलच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक हॉल तिकिटावरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारतात. ती उठते, सगळे वळून बघतात. पहिल्या प्रश्नाआधीच तिला स्वतःबद्दल खुलासा करावा लागतो. वर्षभर केलेला अभ्यास त्या क्षणी कुठल्या कुठे जातो.

हे सोसायचं कारण नाही. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. कोणाचा लैंगिक कल वेगळा आहे किंवा कोणी ट्रान्स आहे म्हणून त्याला त्रास देणं, एकटं पाडणं, हेसुद्धा आता रॅगिंगच आहे. १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नियम आहे, पण तो वर्कशॉपपर्यंत पोचत नाही, कारण कॉलेजला त्याबद्दल कोणी विचारत नाही. दुसरीकडे, पवईच्या आयआयटीत ‘साथी’ हा अशा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून उघडपणे काम करतो आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत आयआयटीचे वीस आजी-माजी विद्यार्थी होते. तो गुन्हा नाही म्हणणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्यांचाही वाटा आहे. तीही इंजिनिअरिंगचीच पोरं.

माझ्या विषयातही उदाहरण आहे. व्हीएलएसआय, म्हणजे चिपची रचना, शिकवताना लॅम्डा रूल्स येतात. चिपवर दोन तारांमध्ये किती अंतर सोडायचं, त्याचे हे नियम. ते जगभर पोचले कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांच्या पुस्तकामुळे. लिन कॉनवे ट्रान्स स्त्री होत्या. त्या स्त्री म्हणून जगणार आहेत हे कळल्यावर १९६८ साली आयबीएमनं त्यांना नोकरीवरून काढलं, आणि माफी मागितली थेट २०२० साली. मधल्या काळात त्यांनी सगळं पहिल्यापासून उभं केलं. मी हे वर्गात सांगते. दोन मिनिटं लागतात, सिलॅबस मागे पडत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग आला तरी चालेल. आपण समलिंगी किंवा ट्रान्स आहोत, हे तुमच्या मुलानं मला विश्वासानं सांगितलं, तर मी तुम्हाला कळवणार नाही. हजेरी कळवीन, मार्क कळवीन, जिवाला धोका वाटला तर रात्री-अपरात्री फोन करीन. पण हे सांगायचा हक्क त्याचाच आहे. लैंगिक कल हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच म्हटलं आहे.

आणि त्यानं एक दिवस तुम्हाला सांगितलं तर? रडू येईल, येऊ द्या. पण फी थांबवू नका, होस्टेलमधून परत आणू नका, स्थळं बघू नका. डिग्री हातात असेल तर ते मूल स्वतःच्या पायावर उभं राहील. नेमकी तीच काढून घेतली तर ते जाणार कुठे? ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरची पायरी चढू नका. हा आजार नाही, आणि असले उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलं आहे. तुम्हाला समजायला वेळ लागेल, तो घ्या. मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल देण्याआधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन विषय समजून घेतला होता. मराठीत वाचायचं तर समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं आहेत. तेही आधी सॉफ्टवेअरमध्येच होते.

पुढच्या पालकसभेत प्राचार्यांना विचारा, वर्कशॉपच्या स्टाफला रॅगिंगचा तो नियम कोणी समजावून सांगितला आहे का? ट्रान्स विद्यार्थ्याला हजेरीपटावर स्वतःचं नाव लावता येतं का? ओरलच्या आधी परीक्षकांना त्या नावाबद्दल कोण सांगतं? आम्ही शिक्षकांनी हे विचारलं की विषय पुढच्या बैठकीवर जातो. फी भरणाऱ्यांनी विचारलं तर त्याच आठवड्यात परिपत्रक निघतं. तुमचं मूल यातलं नसलं तरी विचारा. त्याच्या बाकावर, त्याच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये कोणीतरी असेल, आणि आपल्यासाठी कोणाचे तरी आई-बाबा बोलले, हे त्याच्या कानावर नक्की जाईल.