‘ए’, ‘बी’ की ‘सी’? समरी वाचा, मग वकील करा

भायखळ्यात फिर्याद नोंदवली आणि काही महिन्यांनी हाती समरीची नोटीस आली, तर लगेच वकिलाला आगाऊ रक्कम देऊ नका. खटला चालवण्यासारखे काही मिळाले नाही, असे पोलिसांनी न्यायालयाला कळवले आहे, एवढाच तिचा अर्थ. अक्षर कोणते ते पाहा. खर्च त्यावरच ठरतो.

‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा पत्ता नाही. चोरीला गेलेल्या स्कूटरचे बहुधा हेच होते, आणि इथे समरी फिर्यादीलाच हवी असते, कारण विमा कंपनी दाव्यासोबत ती मागते. समरी मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत नोटिशीतल्या न्यायालयातून घ्या. खर्च नक्कल शुल्कापुरता. मध्यस्थ त्यावर जे मागतो ते त्याचे स्वतःचे.

‘सी’ म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद: उसनवारी, पागडीची खोली. इथे विरोध करण्यात पैसे घालवणे मला बहुतेकदा व्यर्थ वाटते. उसने पैसे वसूल करण्याच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत ती निघून जाते.

‘बी’ म्हणजे पोलिसांच्या मते फिर्यादच खोटी, आणि ती मात्र महागात पडू शकते. फिर्याद खोटी ठरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली उलट कारवाई होऊ शकते: 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून इथे गप्प बसू नका. समरी स्वीकारण्याआधी फिर्यादीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग प्रकरणात 1985 सालीच सांगितले आहे. हरकत अर्ज स्वतःही देता येतो. ‘आरोपपत्र दाखल करायला लावा’ अशी मागणी करू नका, दंडाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही. पुढील तपास मागा किंवा गुन्ह्याची दखल घ्या म्हणा. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. स्टॅम्प पेपरचे पैसे कुणी मागितले तर कारण विचारा.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा (हेल्पलाइन 15100). महिलांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमातींसह काही गटांना तीही नाही.

तुम्ही आरोपी असाल तर हिशेब वेगळा. किरकोळ मारहाणीत फिर्यादी राजी असला की दंडाधिकाऱ्यांपुढेच तडजोड होते. तडजोडीस अपात्र गुन्हा असेल तर फोर्टला उच्च न्यायालय गाठावे लागते. वकिलाची फी वाढते आणि गुन्हा रद्द करताना न्यायालय कधी एखाद्या संस्थेला रक्कम द्यायलाही सांगते. गणेशोत्सव-दहीहंडीतल्या कोविडकाळच्या गुन्ह्यांबाबत सरकारने 2022 मध्ये केली तशी ‘मागे घेतले’ ही घोषणा पुरेशी नसते. सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते, पीडिताचेही ऐकले जाते. तोवर तारखांना हजर राहा, नाहीतर वॉरंट निघेल.

वकिलाची फी तारखेवर नव्हे, टप्प्यावर ठरवा, आणि पावती घ्या.