शिबिराची चूल आणि पाठीवरचे ओझे

आमच्या निवासी शाळेच्या कोठीघरात एक मोठे पितळी पातेले उपडे ठेवलेले आहे. पूर्वी ते काठीला अडकवून दोघे विद्यार्थी गडावर नेत. त्यात शिजलेल्या आमटीची चव माजी विद्यार्थी अजून सांगतात. मात्र ते वाहणारी मुले दर वर्षी तीच, थोराड अंगाची आणि तक्रार न करणारी असत, हे सहसा कोणी सांगत नाही. शिबिरासाठी स्वयंपाकाचे सामान कसे निवडावे, याचा विचार आम्ही त्या पातेल्यापासूनच सुरू केला.

शालेय दप्तराविषयीच्या २०२० च्या केंद्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. ३५ किलोच्या मुलासाठी ही मर्यादा साडेतीन किलोंची होते. शिबिरात नुसते दोन लिटर पाणीच दोन किलो भरते; त्यावर पांघरूण, कपडे, शिधा. म्हणजे दप्तराचे माप डोंगरावर पाळता येत नाही हे खरे, पण भांड्यांसाठी पाठीवर किती थोडी जागा उरते हे त्यावरून कळते.

दुसरी अडचण पैशाची. गिर्यारोहणाच्या दुकानांत सुबक, घडीचे संच मिळतात. एका वर्षी काही पालकांनी हौसेने ते आपल्या मुलांना घेऊन दिले आणि बाकीची मुले त्यांच्याकडे पाहत बसली. तेव्हापासून आम्ही ठरवले की भांडी व चूल सर्वांची मिळून, शाळेच्या कोठीतूनच जातील. मुलाने स्वतःचे आणायचे ते एक खोलगट ताटली, एक पेला व एक चमचा, तेही घरातलेच.

भांडी घ्यावीत ती साध्या भांडेबाजारातून, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. पोलाद याच्या जवळजवळ तिप्पट जड असते. स्टीलची भांडी पातळ पत्र्याची करतात, म्हणून प्रत्यक्षात फरक तेवढा पडत नाही. तरी तो पाठीला जाणवतो. शिवाय स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते, त्यामुळे लहान ज्योतीवर खिचडी मध्यभागी करपते आणि कडेला कच्ची राहते. ॲल्युमिनियममध्ये हा त्रास कमी. ही भांडी तोलावर विकली जातात, म्हणजे जे हलके तेच स्वस्त. अर्थात हा हिशेब फार ताणू नये: अगदी पातळ पातेले पहिल्याच आपटण्यात पोचते. काठ अंगठ्याने दाबून पाहावा; दबला तर ते ठेवून द्यावे. चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेले पदार्थ या भांड्यांत साठवू नयेत.

किती मोठे घ्यावे, हे जेवण ठरवते. आम्ही आठ मुलांची एक चूल धरतो. माणशी सव्वाशे ग्रॅम डाळ-तांदूळ म्हणजे एक किलो, त्याला तीन लिटर पाणी. उकळीला जागा सोडून पाच लिटरचे पातेले पुरते. त्यात मावणारे तीन लिटरचे दुसरे, आणि आत मसाल्यांच्या पुड्या, काडेपेटी, सांडशी. कडीदांड्यांची भांडी एकात एक बसत नाहीत, म्हणून ती टाळावीत. डाळ मुगाची किंवा मसुराची न्यावी. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. तुरीच्या डाळीसाठी तेथे इंधन आणि मुलांचा धीर दोन्ही संपतात. आमचा तो अनुभव एका रात्रीपुरता पुरेसा होता.

तीन दगडांच्या चुलीचे आम्हालाही वेड आहे. परंतु हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो. तेथे लाकूडफाटा तोडून जाळ करता येत नाही, आणि इतरत्रही गडांवर सरपण उरलेले नाही. म्हणून गॅसची छोटी शेगडी. येथे मात्र आम्ही स्वस्ताई पाहत नाही. डबीच्या डोक्यावर बसणारी शेगडी हलकी असते, पण तिच्यावर पाच लिटरचे भरले पातेले डगमगते. नळीने जोडलेली, बुटकी, रुंद पायांची शेगडी थोडी जड असली तरी तीच घ्यावी. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कडा दुमडून वापरता येतो. डोक्यावरच्या शेगडीभोवती तो पूर्ण वेढू नये, डबी तापते. अनधिकृत ठिकाणी पुन्हा भरलेल्या डब्या घेऊ नयेत. तंबूत शेगडी पेटवू नये, मग पाऊस कितीही लागो. बंद जागेत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. आगगाडीतून गॅस किंवा रॉकेल नेणे हा गुन्हा आहे, हेही प्रवास ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

इंधन किती लागेल, याचा अंदाज दुकानदाराला विचारू नये. निघण्यापूर्वी शाळेच्या पटांगणात मुलांकडूनच एकदा खिचडी शिजवून घ्यावी आणि डबी आधी व नंतर तोलावी. एका खेपेला झाकण ठेवून, दुसऱ्या खेपेला न ठेवता. काट्यावरचा फरक पाहिल्यावर झाकणाबद्दल मुलांना पुन्हा सांगावे लागत नाही.

झाकणांवरून आठवले. माजी विद्यार्थी व पालक दर वर्षी प्रेमाने जुनी पातेली आणून देतात, पण ती बहुतेक उघडीच येतात. सध्या कोठीत पातेली पुरेशी आहेत. पाच आणि तीन लिटरच्या पातेल्यांवर बसणारी झाकणे कोणाच्या घरी पडून असतील, तर ती पाठवावीत.