चवदार तळ्याचा खटला

राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेतील नागरी हक्कांचे निकाल आपण अभ्यासतो. १८९६ च्या प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सार्वजनिक शाळांपुरते ते एकमताने फेटाळले. परंतु घाटाखाली महाडला असाच एक खटला उभा राहिला होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले. नंतर त्यांना मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरताच काही सवर्णांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो पाळला; सत्याग्रही तळ्याला फेरी घालून परतले, पाण्याला शिवले नाहीत.

तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही पुरातन रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते खालच्या न्यायालयांत हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड यांनीही त्यांचे अपील फेटाळले.

मात्र निकालाचा आधार लक्षात घेतला पाहिजे. रूढी अन्यायाची आहे म्हणून वादी हरले नाहीत. ती अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून हरले. पुरावा मिळाला असता तर? समतेचे कलम तेव्हा आपल्याकडे नव्हते. उलट अमेरिकेत चौदावी घटनादुरुस्ती १८६८ पासून होती, तरी १८९६ चा निकाल तसा लागला. म्हणजे कलमही हवे आणि ते नीट वाचणारे न्यायाधीशही हवेत.

या खटल्यातील प्रतिवादीच पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

माझी आजी लहानपणी आमच्या मावळातल्या गावी, कलम लागू झाल्यानंतरही, वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेत असे. तिला कोणते कलम ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. म्हणून गावच्या पाणवठ्यावर ते पाळले जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.