बाकी राहिलेले खेळ

बॅकलॉग म्हटलं की कॉलेजात आधी एटीकेटीच आठवते. सरकारी मराठीत त्याला ‘अनुशेष’ म्हणतात. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचा विकासाचा अनुशेष मोजला. तो शब्द भारदस्त आहे, कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतं असं त्यात गृहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर न खेळलेल्या व्हिडिओ गेमचा जो ढीग साचलाय, त्याला मी आमच्या सुरतच्या कापड मार्केटातला साधा शब्द वापरतो: बाकी.

मोजली तेव्हा बाकी ९३ निघाली. एकूण गेम ११२, शेवटपर्यंत खेळलेले १९. असं का होतं ते तुम्हालाही ठाऊक असेल. स्टीमवर सेल लागला की शंभर-दीडशे रुपयांत जुने गेम मिळतात, आणि एपिकच्या दुकानात डिसेंबर २०१८ पासून गेम फुकट वाटणं चालू आहे. फुकट म्हटल्यावर माणूस घेतोच. खेळायला वेळ लागतो, तो मात्र कुणी फुकट देत नाही.

मंडळाच्या अभ्यासगटात आपण मराठी कादंबरी सालाप्रमाणे वाचत गेलो होतो, जुनी आधी आणि नवी नंतर. तीच पद्धत मी या ढिगाला लावून पाहिली. सगळे ९३ खेळायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवलं. दोन तासांत पकड आली नाही तर गेम सोडायचा, आणि जो संपेल त्यावर वहीत अर्धं पान लिहायचं. त्या वहीतलं थोडं इथे मांडतोय. प्रश्न एकच होता: गेम गोष्ट सांगतो ती नेमकी कशाने? शब्दांनी, चित्रांनी, की आणखी कशाने?

सुरुवात घरातल्या जुन्या मालापासून केली. आम्ही मूळ अमळनेर तालुक्यातले. वडील लूम चालवायला सुरतला आले आणि इथलेच झाले. भुसावळहून येणारी तापी लाइनची गाडी आमच्यासारखी घरं वर्षानुवर्षं आणून सोडते आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीत गल्लीच्या गल्ल्या खानदेशी आहेत. दादा माझ्याहून १३ वर्षांनी मोठा. त्याच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ घरात होता, म्हणजे जपानी मशीनची स्वस्त नक्कल. आत घालायची ती ‘कॅसेट’, हातात धरायचा तो ‘रिमोट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत तेच आठ-दहा गेम नावं बदलून फिरत असायचे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही नदीकडच्या भागात भाड्याने राहायचो. ते मशीन त्या पुरात गेलं. आता मी तेच गेम लॅपटॉपवर खेळलो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. सगळा गेम मिळून फक्त ४० किलोबाइट; व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. पण अभ्यासाच्या दृष्टीने पहिले दहा सेकंद महत्त्वाचे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे तिकडे जायचं. तिकडून एक तपकिरी प्राणी चालत येतो. धडकलात तर मेलात, पुढच्या वेळी उडी मारता. एक अक्षर न वाचता धडा झाला. इंग्रजी न येणारी गल्लीतली पोरं हा गेम कशी शिकली, त्याचं उत्तर यातच आहे.

‘काँट्रा’बद्दल थोडक्यात. तीस लाइफ मिळवायची बटणांची ती प्रसिद्ध ओळ, वर-वर-खाली-खाली, काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी बनवली होती, गेम तपासताना त्याला स्वतःलाच तो अवघड जात होता. मला जास्त रस धबधब्याच्या लेव्हलमध्ये आहे. दोघं जण खेळत असाल तर पडदा पुढच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. त्यामुळे पटाईत खेळाडूला थांबावंच लागतं. संवाद नाही की कथा नाही, पण दोन भावांच्या नात्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो. याचा लेखक म्हणाल तर तो पडदा.

आता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. माझ्या यादीतला हा सगळ्यात श्रीमंत गेम, म्हणून इथे जरा थांबतो. जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो ॲपल टू संगणकासाठी जवळजवळ एकट्याने केला, १९८९ मध्ये. राजपुत्राची धावणारी, लोंबकळणारी चाल इतकी खरी वाटते, कारण ती खऱ्या माणसाची आहे. मेक्नरने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. करताना तो रोजनिशी लिहीत होता, ती पुढे पुस्तकरूपाने आली. निर्मितीप्रक्रियेवर प्रकल्प करणाऱ्यांनी ती जरूर मिळवावी.

गंमत पुढे आहे. संगणकाची मेमरी संपत आली होती, दुसरं पात्र घालायला जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून, स्वतःवरच उलटवून त्याने एक झगमगती सावली तयार केली. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा येतो. त्यातून उडी मारावीच लागते, आणि तुम्ही पलीकडे जाताना सावली उलट्या बाजूने पळून जाते. पुढे ती तुमच्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दार बंद करते. शेवटाकडे ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. करायचं एवढंच: तलवार म्यान करायची आणि तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही. अकरा लेव्हल जो हात शस्त्राकडे जायला शिकला, त्याच हाताला आता शस्त्र खाली ठेवायला लावलंय. कवितेच्या तासाला आपण ज्याला आशय आणि रूपाची एकरूपता म्हणतो, ती मला इथे बोटांत जाणवली. माझ्या मते सगळ्या यादीत याच्या तोडीचा दुसरा क्षण नाही.

या गेमला एकूण ६० मिनिटांची मुदत आहे. तिसऱ्या लेव्हलपासून तो सेव्ह करता येतो, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. दादाने तो शाळेत असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलेला, आरशापर्यंत. सोळाव्या वर्षी तो खात्यात लागला. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, तिथली पाळी बारा तासांची. त्याने पुढचा राजवाडा पाहिलाच नव्हता. तेव्हा या गेमपुरती बाकी माझी नव्हती, त्याची होती. दिवाळीत खातं बंद होतं, तेव्हा त्यालाच खेळायला बसवलं. सावली समोर आल्यावर तो तीनदा मेला. मी काही बोललो नाही. आई मधेच येऊन विचारून गेली, ‘काय करी ऱ्हायना रे?’ चौथ्या वेळी त्याने तलवार खाली केली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘हे कॅफेत कुणी सांगितलंच नसतं.’

त्याच सुट्टीत त्याने माझ्या मागे बसून ‘पेपर्स, प्लीज’ पाहिला. लुकास पोपचा हा २०१३ चा गेम. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागद तपासणारे कारकून. पासपोर्ट, परवाना, शिक्का, फोटो जुळवायचे आणि माणूस आत सोडायचा किंवा परत पाठवायचा. पगार नगावर: बरोबर तपासलेल्या माणसामागे ५ क्रेडिट. दिवसाच्या दोन चुका माफ, पुढच्या चुकीला दंड. संध्याकाळी हिशेबाचा कागद समोर येतो: भाडं, जेवण, शेगडी. पैसे पुरले नाहीत तर घरातलं कुणीतरी आजारी पडतं. मग एक बाई रडत येते, नवरा आत गेलाय, हिचा परवाना नाही. दया दाखवायची तर त्या दिवसाच्या चुकीतून दाखवावी लागते. मीटरवर पैसे घेणाऱ्या दादाला हे समजावून सांगावं लागलं नाही. ‘आमच्या खात्यातही डाग निघाला की कापतात,’ एवढंच म्हणाला, आणि मी कुणाला परत पाठवतोय ते बघत राहिला. कामगारांच्या जगण्यावर आपण खूप वाचलंय. वाचताना आपण कामगाराच्या बाजूला उभे असतो. इथे शिक्का आपल्या हातात असतो.

नव्यांपैकी ‘राजी’चा उल्लेख करायलाच हवा, कारण तो पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही तो नेटाने पूर्ण केला, २०२० मध्ये. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलूला, तिच्या धाकट्या भावाला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपसात बोलत सांगतात. राजवाडे, कमळांची तळी, भिंतींवरची चित्रं पाहून छाती भरून येते. लढाया मात्र एकसारख्या होत जातात आणि शेवट घाईत उरकलाय. आधी इंग्रजीत आलेल्या या गेमला पुढच्या आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला. पुण्यात घडलेल्या गेममध्ये मराठी ऐकायला मी शेवटपर्यंत कान देऊन होतो. आपल्या मंडळात एकांकिका लिहिणारे पाच-सहा जण आहेत. पात्राने तोंड उघडायच्या आत खेळणाऱ्याचा हात काय करेल, हे धरून संवाद लिहायचा सराव त्यांनी करून पाहावा. कागदावरही करता येतो.

यादीत आता ८८ उरलेत. पुढचा नंबर ‘वेन्बा’चा, टोरोंटोतल्या छोट्या चमूचा २०२३ चा गेम. कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ कुटुंब, आईकडे तिच्या आईची फाटकी पाककृतींची वही, पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत स्वयंपाक करायचा. मुलगा हळूहळू तमिळ बोलायचा थांबतो. हा मी दादाच्या मुलीबरोबर खेळणार आहे. ती गुजराती माध्यमात आहे. आजीचं अहिराणी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र गुजरातीतून देते. पहिला पदार्थ इडली आहे असं तिला सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, ‘कळण्याच्या भाकरीची लेव्हल कितवी?’