पितळेवर ताकद लावू नकोस

पोरा, आजोबांची साडेतीनशे बुलेट अंगणात काढलीस, छान केलंस. पण चालू होत नाही म्हटल्यावर लगेच कार्बोरेटर उघडायला बसू नकोस. आधी प्लग काढून ठिणगी बघ, पॉइंट घासून बघ. जुन्या बुलेटचा दोष बरेचदा पॉइंटात असतो आणि शिव्या मात्र कार्बला पडतात.

तरीही संशय कार्बवरच राहिला, तर पेट्रोल कॉक बंद कर, चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत उतरव आणि खाली पांढरं कापड अंथरूनच पेच सोडायला घे. आसपास विडी-सिगारेट नको. पेचाच्या डोक्यात गच्च बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापर. कार्बचं अंग नरम ओतीव धातूचं आणि जेट पितळेचे, त्यामुळे जोर लावलास की आटे गेलेच म्हणून समज. फ्लोटची पिन ठोकायची नाही, हलकेच ढकलून काढायची. तिला धरणारे कान तुटले तर अख्खा कार्ब बाद.

खरी गोम पायलट जेटात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. पायलटचं भोक सगळ्यात बारीक, म्हणून तेच आधी बुजतं. मग गाडी चोक ओढून चालते आणि चोक बसवला की मरते. जेट उजेडाकडे धर. आरपार गोल उजेड दिसला तरच साफ. दिसला नाही तर कार्ब क्लीनर मारून रात्रभर ठेव आणि सकाळी पंक्चरवाल्याकडच्या हवेनं फुंकून काढ. सुई, तार काही घालायचं नाही. भोक जरा मोठं झालं की जेटवरचा आकडा खोटा पडतो. क्लीनरनं रबर फुगतं, तेव्हा ओ-रिंगा आधी काढून ठेव, आणि डोळ्यांवर चष्मा घाल. एअर स्क्रूच्या भोकातूनही क्लीनर मार. स्लाइडजवळच्या बारीक भोकांतून तो बाहेर आला पाहिजे, नाहीतर जेट साफ करून उपयोग नाही.

कार्बच्या रिपेअर किटमधलं पॅकिंग, ओ-रिंगा आणि फ्लोटची सुई बेलाशक बदल. जेटचं भोक शाबूत असेल तर मात्र जुनाच जेट बसव. स्वस्त किटमधल्या जेटचा आकडा आणि भोक यांचा मेळ बसेलच असं नाही. साफसफाईनंतरही ॲव्हरेज पडलेलंच असेल आणि प्लग काळा होत असेल, तर स्लाइडची सुई आणि ती ज्यात खालीवर होते तो नीडल जेट, दोन्ही जोडीनं बदल. वर्षानुवर्षं घासून ते भोक लंबगोल होतं आणि नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. फ्लँजचे दोन्ही नट आळीपाळीनं, बेतानं आवळ. एकच बाजू दाबली की फ्लँज वाकते, तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. एअर स्क्रू हलक्या हातानं टेकव, मग दीड फेरा मागे घे. बारीक जुळणी इंजिन चांगलं तापल्यावरच.

आणि हल्ली पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल. ते ओलावा ओढतं, जुन्या रबरालाही सोसत नाही. पंधरा दिवसांहून जास्त गाडी उभी ठेवणार असशील, तर कॉक बंद करून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेव.