गृध्रसी अर्थात सायटिका : कमरेतून पायात उतरणारी कळ व तिचे उपचार

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, बेळगावच्या रविवार पेठेतील घाऊक दुकानांत किंवा बाजार समितीच्या आवारातील पेढीवर आयुष्य काढलेल्यांस कंबरदुखी हा काही नवा विषय नव्हे. सकाळी गादीवर मांडी घालून बसावे ते जेवणालाच उठावे, ही आपल्या धंद्याची जुनी रीत. आता गादीच्या जागी खुर्ची आली, वहीच्या जागी संगणक आला. परंतु बैठक तेवढीच राहिली. तिच्या जोडीला महामार्गावरून बेळगाव-निपाणी-कोल्हापूर अशी ये-जा, मोटारसायकलवरून खेडोपाडीची वसुली, आणि हंगामाच्या दिवसांत पोत्याला स्वतः लावलेला हात. कंबर धरली, उसण भरली, असे आपण म्हणतो व चार दिवस शेक घेऊन विसरतोही. प्रस्तुत लेखाचा विषय ही साधी कंबरदुखी नव्हे. कुल्ल्यापासून मांडीच्या मागील बाजूने पोटरीतून थेट पावलापर्यंत उतरणारी, खोकल्याशिंकेसरशी विजेसारखी चमकणारी जी कळ, जिला हल्ली घरोघर ‘सायटिका’ म्हणतात, तिच्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. तथापि या एका दुखण्यापायी कुटुंबांतून जेवढा पैसा व जेवढी घबराट खर्ची पडते, ती पाहता सध्याच्या वैद्यकाने काय सिद्ध केले आहे हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आपल्या आयुर्वेदात या विकारास गृध्रसी असे नाव आहे. गृध्र म्हणजे गिधाड; रोग्याची ओढत, लंगडत चालण्याची ढब गिधाडासारखी दिसते म्हणून हे नाव, असा अर्थ लावला जातो. सुश्रुताने या रोगाचे लक्षण सांगताना पाय वर उचलणे अडते, ही गोष्ट नेमकी टिपली आहे. आज कोणत्याही रुग्णालयात डॉक्टर रोग्यास उताणे निजवून त्याचा सरळ पाय वर उचलून पाहतात. ती परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली व लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते. निरीक्षण मात्र तेच.

कमरेच्या खालच्या मणक्यांतून व त्याखालील त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळ्या एकत्र येऊन जी शीर बनते, ती शरीरातील सर्वांत जाड शीर होय. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला लोक ‘गादी’ म्हणतात व ‘गादी सरकली’ असा निदानाचा शब्दही आपल्या तोंडी रुळला आहे. वास्तविक गादी सरकत नाही. तिच्या बाहेरील कड्याला चीर पडून आतील मऊ गर बाहेर येतो आणि शिरेच्या मुळाला दाबतो, डिवचतो. हा कार्यकारणसंबंध 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन शल्यविशारदांनी प्रसिद्ध केला, तेव्हापासून शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. उतारवयात मणक्यातील पोकळीच अरुंद झाल्यानेही पायात कळ येते; अशा माणसास चालताना दुखते व पुढे वाकले वा बसले की बरे वाटते. तो प्रकार निराळा, त्याचे उपचारही काहीसे निराळे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची, आणि आमच्या मते सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट. गादीतून बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, शिरेची सूज ओसरते, आणि बहुसंख्य रोगी सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ बरे होतात. म्हणजे या काळात ज्याने जो उपाय केला, त्या उपायाच्या खाती गुण जमा होतो! पाचव्या आठवड्यात कोणी तेल चोळले तर तेलाने गुण आला, कोणी कडे घातले तर कड्याने. आपल्या भागात पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण जाते अशी समजूत आहे. उसण अशीही दोनचार दिवसांत जाणारच असते, तेव्हा तेथे पायाळूचा पाय निरुपद्रवी म्हणावा. परंतु शीर दाबली गेली असता कोणी पाठीवर लाथ मारून घेणे किंवा हाड बसवणाऱ्याकडून कंबर मोडून घेणे हे धोक्याचे होय. ज्या व्यापाऱ्यास जमेची प्रत्येक रक्कम कोणाच्या नावे पडली हे पाहण्याची सवय आहे, त्याने येथेही ती सवय सोडू नये.

घरातील वडीलधारी मंडळी अशा रोग्यास प्रथम पलंगावर निजवतात व महिनाभर हलू देत नाहीत. माया खरी, पण सल्ला जुना. 1999 साली हॉलंडमधील 183 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांस दोन आठवडे सक्त विश्रांती दिली, इतरांस जमेल तसे हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील 87 टक्के रोगी सुधारले होते. पडून राहणाऱ्यास काहीही अधिक लाभ झाला नव्हता. कळ असह्य असेल तेव्हा एकदोन दिवस गुडघ्यांखाली उशी घेऊन पडावे, नंतर थोडे थोडे चालावे, दर दिवशी थोडे अधिक. दुखले म्हणजे शीर तुटते आहे असे मुळीच नाही. व्यायाम प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा, कारण एकाला मागे वाकल्याने बरे वाटते तर दुसऱ्याला तेच सोसत नाही. एक खूण मात्र ध्यानी ठेवण्यासारखी आहे: एखाद्या व्यायामाने पोटरीतील कळ मांडीत, मांडीतील कुल्ल्यात, अशी वर सरकत कमरेशी येऊन थांबली, तर कंबर तात्पुरती अधिक दुखली तरी ते सुचिन्ह समजतात. कळ खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा.

औषधांविषयी अपेक्षा माफक ठेवावी. वेदनाशामक व सूज उतरवणाऱ्या गोळ्या काही दिवस उपयोगी पडतात. परंतु मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा वा जठरव्रणाचा विकार असणाऱ्यांनी त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. आणि आपल्या समाजास हे विशेषेकरून सांगणे प्राप्त आहे, की पर्युषणात उपवास, अठ्ठाई चालू असता या गोळ्या घेणे दुहेरी अपायाचे आहे. रिकाम्या पोटी जठराला इजा होते, व अंगातील पाणी कमी झालेले असता मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी तप पुढे ढकलावे की गोळी सोडावी, हे महाराजसाहेबांशी व डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावे. शिरेच्या दुखण्यावर हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रेगॅबालिन या औषधाची ऑस्ट्रेलियात 209 रोग्यांवर कसोटी घेतली गेली; 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पायाची कळ बिनऔषधी गोळीपेक्षा अधिक कमी झाली नाही, चक्कर आदी त्रास मात्र वाढले. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी संकोच न करता तेच औषध गोळीरूपात मिळेल काय असे विचारावे. कुल्ल्यात चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने हीच शीर कायमची दुखावल्याची उदाहरणे वैद्यकात पुष्कळ नमूद आहेत; तेव्हा ‘एक इंजेक्शन ठोकून टाका’ असा आग्रह कंपाउंडरपाशी धरू नये. मणक्यातील पोकळीत तज्ज्ञाने दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन ही गोष्ट वेगळी. ताज्या व तीव्र कळेत त्याने काही आठवडे आराम पडू शकतो, मात्र मधुमेही रोग्याची साखर त्यानंतर काही दिवस चढते.

आयुर्वेदात स्नेहन, स्वेदन, बस्ती, अग्निकर्म असे उपाय सांगितले आहेत. बेळगावात शहापूर भागात आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेव्हा ज्यांची श्रद्धा तिकडे आहे त्यांनी शिकलेल्या वैद्याकडे जावे. कोमट तेल व शेक यांनी आखडलेले स्नायू सैल होतात यात शंका नाही. वातावर लसणीचा दुधातील कल्प व मधाचे अनुपान सांगितले जाते. आपणांस ते चालत नाही असे सांगितल्यास वैद्य पर्याय देतात. परंतु बसस्थानकावर विकल्या जाणाऱ्या बिनलेबलाच्या ‘वातावरच्या पुड्या’ कटाक्षाने टाळाव्यात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले वारंवार सापडले आहे; आठवड्यात गुण येतो तो त्यामुळे, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात तीही त्यामुळे. वजने लावून कंबर ताणणे व पट्टा बांधणे यांनी सायटिका बरी होते असा पुरावा नाही.

एमआरआयच्या कागदाने माणूस जितका हादरतो तितका दुखण्याने हादरत नाही. 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 धडधाकट माणसांचे असे चित्रण केले, तेव्हा त्यांतील 52 टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा दिसला. सबब ‘दोन गाद्या फुगल्या आहेत’ एवढ्या शेऱ्यावर कोणी घाबरू नये. कळ ज्या वाटेने पायात उतरते व चित्रात ज्या शिरेवर दाब दिसतो, त्यांचा मेळ बसतो काय, हे डॉक्टरांस विचारावे.

तथापि काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एक दिवसही दवडू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तेवढा भाग बधिर होणे, अथवा दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा येणे. अशा वेळी लाज बाळगून सकाळची वाट पाहू नये; विशेषतः स्त्रिया ही लक्षणे सांगत नाहीत, असा अनुभव आहे. शिरांचा सारा जुडगा दाबला गेल्याची ही खूण असून शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. टाचांवर चालता न येणे, चवड्यावर उभे राहता न येणे, पाऊल लोंबू लागणे, ही शीर दुर्बळ झाल्याची चिन्हे. तीही तातडीने दाखवावीत. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार प्रथम करावा लागतो. तो औषधांनी बरा होणारा रोग आहे.

राहता राहिली शस्त्रक्रिया. तिच्याविषयी एक पक्ष म्हणतो, मणक्याला सुरी लावली की माणूस अपंग झाला. दुसरा म्हणतो, आजच उरकून टाका. 2007 साली हॉलंडमध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका भोगलेल्या 283 रोग्यांवर याची परीक्षा झाली. लवकर शस्त्रक्रियेच्या गटास बरे वाटण्यास साधारण चार आठवडे लागले, थांबणाऱ्यांस बारा. थांबणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांस पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रोगी बरे झाले होते. याचा अर्थ आम्हांस असा दिसतो की पाऊल दुर्बळ झालेले नसेल तर शस्त्रक्रिया ही बहुधा वेळेची खरेदी आहे. किंमत परवडते काय व घाई किती आहे, हे रोग्याने स्वतः ठरवावयाचे. सहा आठवडे योग्य प्रयत्न करूनही झोप व काम अशक्य असेल त्याने तिला भिऊ नये. 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढल्यापासून आपल्या सीमाभागातील रोगी मिरजेची वाट धरीत आले. 1963 साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तज्ज्ञांसाठी मुंबई गाठण्याची आता गरज नाही. दोन तज्ज्ञांची मते मात्र अवश्य घ्यावीत.

दुकानात अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. मागील खिशातील फुगलेले पाकीट गाडी चालवताना काढून ठेवावे, ते नेमके याच शिरेखाली येते. कळ असेतोवर सामायिकाची 48 मिनिटांची बैठक खुर्चीवर करावी. आणि वखारीतील हमालाचा विचार मालकाने करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका माणसाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचवली. आपल्याकडे क्विंटलची पोती पाठीवर चढलेली अनेकांनी पाहिली आहेत. हमालास कळ लागली तर सहा आठवडे घरी बसणे त्याला परवडत नाही, म्हणून तो पुड्या खाऊन ओझे उचलत राहतो. तेवढे दिवस त्याला काट्यावर, मोजणीवर किंवा पोती शिवण्यावर घ्यावे, रोज तीच द्यावी, व शिवताना अधूनमधून उठू द्यावे.