हात सारखा फोनकडे जातो

प्रश्न : रविवारी फोन बंद ठेवायचं ठरवते, पण तासाभरातच हात पर्सकडे जातो. गावी आई एकटी असते, ओटीपीही येतात. काय करू?

उत्तर : ताई, हात जातो तो सवयीनं, तुमचा निर्धार कच्चा म्हणून नव्हे. सुरुवातीला चुळबुळ होणारच. अख्खा रविवार एकदम नको. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२मध्ये प्रथा सुरू झाली : संध्याकाळी सातला भोंगा, मग दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मला मोलाचं वाटतं ते हे, की तिथे सगळे एकत्र थांबतात. तुम्हीही घरच्यांना सोबत घेऊन अशाच दीड तासानं सुरुवात करा. तेवढ्या वेळापुरतं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. आईचा कॉल आणि ओटीपीचा मेसेज दोन्ही येतील. आणि गजराचं घड्याळ आणाच, म्हणजे फोन उशाशी लागणार नाही.